शिवेवरच्या मूर्ती

"फळीवरच्या मूर्तींना हात लावू नका," असं मी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा थ्रासनच्या माणसाने मला कोपराने बाजूला सारलं आणि तो मूर्ती पुसायला लागला. ओल्या फडक्याने, खरकटी भांडी पुसावीत तशा. एक उचलायची, पुसायची, तोंड दाराकडे करून पुन्हा फळीवर ठेवायची. देवीला दिलेली वस्तू एकदा फळीवर चढली की दिली त्या बाईनेसुद्धा तिला पुन्हा शिवायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. थ्रासन तर शहराच्या सभेतला मोठा माणूस. त्याला ठाऊक नव्हतं असं मी मेले तरी म्हणणार नाही. ठाऊक होतं, पण त्याला त्याची पर्वा नव्हती.

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. माझे गुडघे गेले, दात गेले, पण ते फडकं आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं शहर समुद्राकाठचं. आम्ही ग्रीक. पणज्या-खापरपणज्यांच्या काळात आमची माणसं होड्यांतून या इटलीच्या किनाऱ्यावर उतरली आणि इथलीच झाली. शहराच्या वेशीतून निघून सकाळभर चाललं की डोंगराच्या पायथ्याशी एक झरा लागतो आणि झऱ्यावर आर्टेमिस देवीचं लहानसं देऊळ. देवळाच्या अलीकडे शहराची शेतं, पलीकडे मोठं कुरण, त्याच्या वर डोंगर. डोंगरातले लोक आमच्या कितीतरी आधीपासूनचे. कुरणात मेंढ्या त्यांच्या चरायच्या, झरा मात्र दोघांचा होता. देवीही दोघांची. ते तिला त्यांच्या भाषेतल्या नावाने हाक मारायचे, आम्ही आमच्या, आणि यावरून कधी कुणाचं डोकं फुटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

माझे वडील फायलोस देवळाच्या अंगणाबाहेर मातीच्या मूर्ती करून विकायचे. मूर्ती म्हणजे वीतभर उंचीची देवी, डोक्यावर उंच मुकुट, छातीशी धरलेलं हरणाचं पाडस. समोरची बाजू साच्यातून निघायची. मागच्या बाजूला ओल्या मातीची पोळी थापून ती हाताने बसवायची, झालं. हे पोळी थापायचं काम मी आठव्या वर्षापासून करत होते. माझी आई डोंगरातली. मी सहा वर्षांची असताना ती तापाने गेली आणि तिच्या पाठची बहीण, माझी वेसियामावशी, हिने मला वाढवलं. मावशी रोज सकाळी डोंगर उतरून यायची, माझी वेणी घालायची, बापाला चार शब्द सुनवायची आणि ऊन चढायच्या आत परत जायची. बाप तिला घाबरायचा. मला त्याची गंमत वाटायची.

मी एकोणीस वर्षांची झाले त्या वर्षी शहराला कुरण हवंसं झालं. थ्रासन आणि त्याच्या मंडळींनी ठरवलं की झऱ्यापलीकडची जमीन मोजून नव्या कुटुंबांना वाटायची. डोंगरातले लोक म्हणाले, जमीन आमची आहे. शहर म्हणालं, आमची आहे. मारामारी व्हायची ती टळली, कारण दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी शहाणपणा केला आणि किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका ग्रीक शहरातून पंच बोलावायचं ठरवलं. पंचाने येताच सांगितलं की तोंडी गोष्टींत मला रस नाही, देऊळ शिवेवर आहे, तेव्हा देवळात कुणाची सेवा जास्त ते पाहू. ज्यांची दानं जास्त, त्यांचा झरा आणि त्यांचं कुरण.

थ्रासनने मान डोलावली. डोंगरातल्यांनीही लगेच मान डोलावली आणि इथेच घात झाला. त्यांना वाटलं, यात विचारायचं काय. देवळात सर्वांत जास्त देणं आमच्याच बायकांचं आहे. मूल व्हावं म्हणून, आजार उतरावा म्हणून, बाळंतपण सुखरूप पार पडावं म्हणून त्या शहरातल्या बायकांच्या दुपटीने यायच्या. ज्याने दिलं त्याचं दान, एवढं साधं गणित त्यांच्या डोक्यात होतं. एखादी वस्तू घडवली कुणी आणि ती दिसते कुणासारखी, यावरून दान कुणाचं ते ठरेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

पूर्वी त्या बायका दूध, मध, गव्हाच्या लोंब्यांची वेणी, लोकरीचा गुंडा असलं काहीतरी आणायच्या. ते सगळं झऱ्यात जायचं किंवा मातीत मिसळायचं. आमचं दुकान लागल्यापासून त्यांना आमच्या मूर्ती आवडायला लागल्या. त्या आवडाव्यात म्हणून मीही जिभेचा पट्टा कमी चालवला नव्हता. मध मुंग्या खातात, मूर्ती राहते, असं मीच मावशीला चिडवायचे. राहिल्या. तीन भिंतींच्या फळ्या भरल्या आणि सगळ्या मूर्तींचे चेहरे ग्रीक, मुकुट ग्रीक, पाडस धरायची ढब ग्रीक. आता थ्रासनचा माणूस त्या पुसून दाराकडे तोंड करून मांडत होता, पंचाला आत शिरताच दिसाव्यात म्हणून.

ते बघताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी तशीच धावत बापाकडे गेले.

डोंगरातल्या बायका तयार मूर्ती कधी घेत नसत. दुसऱ्याच्या हातची वस्तू माझी म्हणून देवीला कशी देऊ, असं त्यांचं म्हणणं. त्या देवीच्या सणाच्या महिनाभर आधी यायच्या, मी मागची पोळी थापली की माती ओली असतानाच तिच्यात आपला अंगठा दाबायच्या, मनात जे मागायचं ते मागायच्या आणि मग मूर्ती भट्टीत जायची. शहरातल्या बायकांना असली भानगड नको असायची. त्या मांडलेल्यातून एक उचलायच्या. म्हणजे देवळातल्या कुठल्याही मूर्तीची पाठ बघितली की ती कुणी दिली ते कळत होतं. फक्त पाठी सगळ्या भिंतीकडे होत्या.

बाप माती मळत होता. मी सगळं सांगितलं तरी त्याने मान वर केली नाही.

"उद्या पंच तुम्हाला बोलावणार," मी म्हणाले. "कारागीर म्हणून विचारणार. तेव्हा एवढंच सांगा बाबा, की मूर्ती उलट्या करून बघा."

"बघू."

"बघू काय? मावशीच्या लोकांचं सगळं जाईल."

"बघू म्हणालो ना मिर्तो," बाप म्हणाला आणि मातीवर पाणी शिंपडायला लागला. माती आधीच पुरेशी ओली होती. हे मला तेव्हाच दिसलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. बाप आहे, माझ्या आईचा नवरा आहे, तो दुसरं काय करणार, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी अंगणात एका बाजूला शहराची माणसं, दुसऱ्या बाजूला डोंगराची. बायका मागे, भिंतीला लागून. पंच वयस्कर होता, काठी टेकत आला आणि दारात उभा राहून बराच वेळ फळ्यांकडे बघत राहिला. तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला त्याचा कमी राग आला असता. थ्रासनने अगदी मधाळ आवाजात सांगितलं की आपणच पाहा, ही सगळी देवीची रूपं आपल्या घराघरांत असतात तशीच आहेत. यात डोंगरातलं एक तरी भांडं, एक तरी बाहुली दाखवावी. डोंगरातल्या म्हाताऱ्याने सांगितलं की यातल्या बहुतेक आमच्या बायकांनी दिल्यात. थ्रासन हसला. त्याच्यामागची सगळी माणसं हसली.

बापाला पुढे बोलावलं. पंचाने विचारलं, या मूर्ती कुणी केल्या. बाप म्हणाला, मी. पंचाने विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. बाप म्हणाला, नाही.

मी थांबले, खोटं कशाला बोलू, पाच श्वास थांबले. त्याला आठवत नसेल, घाबरला असेल, आता बोलेल, असं स्वतःला समजावलं. मग मी बायकांमधून बाहेर आले, सरळ देवळात गेले आणि जवळच्या फळीवरची मूर्ती दोन्ही हातांनी उचलून उलटी केली. मागे कुणीतरी ओरडलं. जिला शिवायचं नाही तिला मी शिवले होते, तेही सगळ्यांसमोर.

बाईचं बोलणं पंचासमोर चालत नाही, असं थ्रासन म्हणाला. पंच म्हणाला, ती बोललेली नाही, तिने दाखवलं आहे, आणि मला डोळे आहेत. तो जवळ आला. त्या मूर्तीच्या पाठीत अंगठ्याचा ठसा होता, रेषांसकट. शेजारच्या मूर्तीत होता. तिच्या शेजारच्या मूर्तीतही होता. पंचाने डोंगरातल्या म्हाताऱ्याला विचारलं आणि त्याने अंगठ्याची चाल सांगितली. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग पंचाने अगदी रास्त गोष्ट मागितली. तुमच्यातली कुणीही एक बाई पुढे येऊ दे, तो म्हणाला, आपण दिलेली मूर्ती ओळखू दे आणि आपला अंगठा त्या ठशात बसवून दाखवू दे.

वेसियामावशी पुढे आली. दोन महिन्यांपूर्वी तिने आपल्या सुनेसाठी दिलेली मूर्ती मी ठशावरून ओळखून हातात घेतली. पोळी मीच थापली होती. मी मूर्ती तिच्यापुढे केली. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"दिलेलं परत हातात घेत नसतात," ती म्हणाली.

"मावशी, नुसता अंगठा लाव. घेऊ नकोस, लाव."

"सुनेला सातवा महिना आहे गं. देवीला सांगू, ते दिलं होतं ते विसर, मला माझं कुरण सोडवायचंय? आणि मी का दाखवू? तिला माहीत आहे कुणी दिलं ते."

तिच्यामागे एकही बाई हलली नाही. कुणाच्या पोटात मूल होतं, कुणाचं मूल नुकतंच तापातून उठलं होतं. प्रत्येकीने काहीतरी मागून दिलं होतं. पंचाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तो बापाकडे वळला.

"कारागीर, हा अंगठा कुणाचा?"

बापाने माझ्याकडे बघितलं नाही. "माझा," तो म्हणाला. "पोळी पक्की बसावी म्हणून मी दाबतो."

पंच चोख माणूस. त्याने बापाचा हात धरून अंगठा ठशावर टेकवला. बापाचा अंगठा जाडजूड, रुंद नखाचा. ठसा त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. लोकांत कुजबुज सुरू झाली. थ्रासनचा चेहरा उतरला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

"हा तुमचा कसा?" पंच म्हणाला.

"भट्टीत माती आवळते," माझा बाप म्हणाला.

यात खोटं काय होतं? माती आवळतेच. ओली मूर्ती दहा बोटं असेल तर भाजल्यावर नऊ बोटं भरते. एवढंच आवळते, याच्यापेक्षा जास्त आवळली तर चिरा जातात, हे बापाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. त्या अख्ख्या अंगणात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. पंचाने शहरातल्या माणसांकडे पाहिलं. त्यांनी माना डोलावल्या, आवळते, आवळते. मी ओरडून सांगितलं की दहाला एक, निम्मी नाही. मात्र आता मी बोलत होते, दाखवत नव्हते, आणि बाईचं बोलणं चालत नव्हतं. मला दोघांनी दंडाला धरून बाहेर नेलं.

निकाल जेवणाच्या आधी लागला. झरा शहराचा, कुरण शहराचं. चौथ्या दिवशी कुरणापलीकडे शिवेचे दगड रोवले गेले आणि डोंगरातल्यांनी दगडाच्या अलीकडे यायचं नाही, देवीच्या सणालाही नाही, असं ठरलं. सणाचं पंचाने काही सांगितलं नव्हतं. ते थ्रासनने आपल्या मनाचं जोडलं.

बापाने त्याची बाजू मला एकदाच सांगितली. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात थ्रासन त्याच्याकडे आला होता म्हणे. शहरात नवा नियम होणार होता, आई-बाप दोन्ही शहराचे असतील त्याच मुलींची लग्नं शहरात लागतील आणि त्यांच्याच मुलांना शहराचं म्हटलं जाईल. थ्रासनने सांगितलं की तुझ्या मुलीच्या आईचं आम्ही विसरून जाऊ, तू शहाण्यासारखा वाग.

"तुझ्यासाठी केलं," बाप म्हणाला.

"मला विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

मी त्याच्या हातची माती पुन्हा मळली नाही. एका छपराखाली राहिलो, त्याला दोन वेळचं रांधून घातलं, पण बोलले नाही. लोक म्हणाले, बापाशी असं वागू नये. त्या लोकांतल्या निम्म्यांना तोवर कुरणात शेतं मिळाली होती, तेव्हा त्यांना माझ्या वागण्याचं फार वाईट वाटत होतं.

पुढच्या वसंतात देवीचा सण आला. यंदा देऊळ फक्त शहराचं, म्हणून मिरवणूक मोठी. त्या वर्षी लग्न ठरलेल्या मुलींना झऱ्यावर न्हाऊ घालायचं असतं. त्यांत थ्रासनची धाकटी मुलगीही होती. सणाच्या आदल्या सकाळी थ्रासन स्वतः आमच्या दारात आला. मला वाटलं बापाकडे काम असेल. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

न्हाण्याच्या वेळी म्हणायचं गाणं कुणालाच येत नव्हतं. ते डोंगरातल्या भाषेत होतं. ते त्या बायका म्हणायच्या, शहरातल्या नुसत्या पाण्यात उभ्या राहायच्या आणि इतक्या वर्षांत कुणाला ते शिकून घ्यावंसं वाटलं नव्हतं. गाण्याशिवाय न्हाण लागत नाही आणि न्हाणाशिवाय लग्न लागत नाही. जुन्या बायका रडत होत्या, पुजारीण मुलींना हात लावायला तयार नव्हती.

"तुझी आई तिकडची होती," थ्रासन म्हणाला. आवाज खाली घेऊन, शेजारी ऐकू नये म्हणून. "तुला येत असेल."

मला येत होतं. मावशीच्या मांडीवर शिकले होते, शब्दन् शब्द.

"माझी आई कुठली होती, ते तुम्ही विसरणार होतात ना?" मी म्हणाले. "आणि या देवळात डोंगरातली बाई कधी आलीच नव्हती. माझ्या बापाने तसं सांगितलंय, पंचांनी ते मानलंय, तुम्ही त्यावर दगड रोवलेत. मग डोंगरातलं गाणं इथे कुठून येणार?"

मग त्याने मुलीचं नाव घेतलं. पोरगी रात्रंदिवस रडतेय, म्हणाला. ती पोर मला चांगली माहीत होती, साधी होती, माझ्याकडून रंगीत पाडस मागून न्यायची. तिचं काहीच चुकलं नव्हतं. बाप आतल्या दाराशी येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "म्हण गं, मिर्तो." वर्षभरात त्याने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

मी नाही म्हणाले. त्या वर्षी सात मुली न्हाण न लागताच परतल्या आणि त्यांची लग्नं पुढे ढकलली गेली. दोन मोडली, बाकीची शेवटी न्हाणाशिवायच उरकली. थ्रासनच्या मुलीचं मोडलं.

मग मी शिवेच्या दगडापर्यंत गेले आणि पलीकडे मेंढ्यांमागे आलेल्या मावशीला हाक मारली. तिच्या कडेवर नातू होता. मी तिला सगळं सांगितलं, थ्रासन कसा उभा राहिला, काय म्हणाला, मी काय उत्तर दिलं. खरं सांगते, शाबासकी घ्यायला गेले होते.

मावशी नातवाच्या तोंडावरची माशी हाकलत राहिली.

"पोरींना न्हाऊ घालायला हवं होतंस," ती म्हणाली. "पाणी एकट्या शहराचं नाही, यासाठी तर भांडत होतो आपण. तुझ्या एकटीचं झालं का ते?"

"मावशी, त्यांनी तुम्हाला इथून हाकललं."

"मला हाकललं. त्या पोरींनी नाही." ती वळली आणि डोंगर चढायला लागली. तिने मागे वळून बघितलं नाही.

मावशीचं बरोबर असेल. ती माझ्यापेक्षा मोठ्या मनाची होती, देवीशी तिचं सरळ बोलणं होतं. चाळीस वर्षं मी तिच्या बोलण्यावर विचार करतेय, थ्रासनच्या मुलीचा रडका चेहरा आठवतेय, आणि दर वसंतात देवळातून नवीन बायका येतात, म्हातारे, आता तरी ते गाणं शिकव म्हणतात. मी त्यांना बसायला सांगते, पाणी देते, आणि विचारते, शिवेचे दगड अजून आहेत का. त्या म्हणतात, आहेत. मग मला येत नाही, असं मी त्यांना सांगते.